एका वेळी एकच गाणं

मंडळी, या वेळी थोडा इतिहासाचा तास घेतो. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी सन आणि कारण विचारल्याशिवाय कुठलीच गोष्ट पुढे सरकत नाही. सवय आहे, चालवून घ्या.

आमच्या लोहाऱ्याच्या घरात सध्या गाणी वाजवणाऱ्या सात वस्तू आहेत. पाच फोन, एक हाक मारली की गाणं लावणारा डबा, आणि सातवा माझा ट्रान्झिस्टर. घरातल्या मुलांचा प्रश्न सरळ असतो: हवं ते गाणं हव्या त्या क्षणी मिळत असताना दुसऱ्या कुणीतरी लावलेलं गाणं ऐकत कशाला बसायचं? प्रश्न वाजवी आहे. "आमच्या वेळी किती छान होतं" हे काही त्याचं उत्तर नव्हे. आमच्या वेळी बरंचसं छान नव्हतंही. म्हणून ठरवलं, की स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवायची आणि तीन साधे प्रश्न विचारायचे. गाणं कोण निवडत होतं? त्याचे पैसे कोण देत होतं? आणि मुळात ते गाणं तयार कुणी करवून घेतलं? रेडिओलाही हेच तीन प्रश्न आणि इंटरनेटलाही हेच.

सुरुवातीपासून बघू. आपल्याकडचं नियमित प्रसारण सुरू झालं २३ जुलै १९२७ ला, मुंबईत. सरकारने नव्हे, तर इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खासगी कंपनीने ते सुरू केलं. तिचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः श्रोत्यांच्या परवान्यांतला वाटा. रेडिओ महाग, परवाने थोडे, खर्च मोठा... तीन वर्षांत, १९३० साली, कंपनी बुडाली आणि प्रसारण सरकारच्या अंगावर आलं. १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा या संस्थेची फक्त सहा केंद्रं भारतात होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. (औरंगाबादला केंद्र होतं, पण ते निजामाचं.) म्हणजे सरकारने रेडिओ कुणाकडून हिसकावून घेतला असं नाही. तो पदरात पडला, आणि पडल्यावर मात्र सरकारने तो घट्ट धरला.

आमच्या भागाला आवाज मिळाला जुलै १९४८ मध्ये, नागपूर केंद्र सुरू झालं तेव्हा. नागपूर त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. आम्ही त्या प्रांतातले, मग १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. सरकारं बदलली, राजधान्या बदलल्या, पण रेडिओच्या पट्टीवरचं नागपूर होतं तिथेच राहिलं. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. मध्यम लहरींना हे अंतर म्हणजे काहीच नाही.

त्या काळचं लोहारा यवतमाळपासून वेगळं गाव होतं. मध्ये वावरं होती. आता औद्योगिक वसाहत आली, लेआउट पडले, गाव आणि शहर एकमेकांना चिकटले. माझ्या लहानपणी गावात रेडिओ मोजकेच. व्हॉल्व्हचा मोठा पेटीएवढा रेडिओ, वर क्रोशाचं आच्छादन, छताखाली ताणलेली एरियलची जाळीदार पट्टी. खटका दाबल्यावर हिरवा डोळा हळूहळू उजळायचा आणि मग आवाज यायचा. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर संध्याकाळी सतरंजी पडायचीच. कुणाला बोलवावं लागत नसे.

आणि हो, रेडिओ ऐकायला परवाना लागायचा, हे आजच्या मुलांना खोटं वाटतं. पोस्टातून ते पुस्तक घ्यायचं, वर्षाला पंधरा रुपये भरायचे आणि शिक्का मारून आणायचा. ऐंशीच्या दशकात ही पद्धत बंद झाली. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर झालं: पैसे श्रोताच देत होता, परवान्यातून किंवा करातून. फुकट तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही.

आता पहिला प्रश्न, निवड कुणाची? इथे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचं नाव घ्यावंच लागतं. मराठी माणूस. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ते केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री होते. त्यांचं ठाम मत होतं की चित्रपटगीतं लोकांची अभिरुची बिघडवतात. मंत्री झाल्यावर त्यांनी आकाशवाणीवरचा चित्रपटगीतांचा वेळ कापला, आणि गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, म्हणून तेही थांबवलं. निर्माते चिडले, करार तुटले, आणि हिंदी चित्रपटगीत आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसं झालं. देशातलं सगळ्यात लोकप्रिय संगीत देशाच्या रेडिओवर नाही!

मग लोकांनी काय केलं? मोर्चा काढला नाही, की निवेदनं दिली नाहीत. त्यांनी काटा फिरवला. सिलोनमध्ये दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी बसवलेलं ताकदवान लघुलहरी प्रक्षेपक यंत्र होतं. युद्धानंतर ते रेडिओ सिलोनच्या हाती आलं. ३ डिसेंबर १९५२ ला तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि अमीन सायानींचा आवाज भारताच्या खेड्यापाड्यांत पोचला. पहिल्या कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रं आली, असं सायानी पुढे अनेक मुलाखतींत सांगत. माझ्या पिढीने साठच्या दशकात ऐकली ती हीच बुधवारची रात्र. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, मध्येच समुद्र खवळल्यासारखी खरखर. तरी कुणी उठायचं नाही. सकाळी त्याच केंद्रावर जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा कार्यक्रम असे आणि त्याचा शेवट सैगलच्या गाण्याने होई. सैगल लागला की आठ वाजत आले, शाळेचं दप्तर उचला. घड्याळ नसलेल्या घरांचं ते घड्याळ होतं.

शेवटी सरकारलाच नमतं घ्यावं लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला 'विविध भारती' सुरू झाली, पंडित नरेंद्र शर्मांच्या हाताखाली, आणि चित्रपटगीतं घरी परत आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिरातीही सुरू झाल्या. पाच वर्षांची ही लढाई श्रोत्यांनी जिंकली, तीही घराबाहेर न पडता. "रेडिओचा श्रोता बिचारा, जे लावतील ते ऐकायचा" असं जे कुणी म्हणतं, त्याला मी १९५२ ते १९५७ ही पाच वर्षं वाचायला सांगतो.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, आणि केसकर त्यात खलनायक ठरतात. मी वर्गात अशी एकबाजूची गोष्ट कधी सांगितली नाही, इथेही सांगणार नाही. दुसरी बाजू बघा.

संस्थानं विलीन झाली, राजेरजवाड्यांचे दरबार उठले. त्यांच्या आश्रयावर जगणारे गवई, बीनकार, सारंगिये यांनी जायचं कुठे? केसकरांच्या काळात आकाशवाणीने कलावंतांच्या स्वरचाचण्या घेऊन त्यांना श्रेणी लावल्या. त्यावर मोठा वाद झाला, नामवंतांना परीक्षा देणं अपमानाचं वाटलं, आणि त्यांचं चूक होतं असंही म्हणवत नाही. पण त्याच व्यवस्थेने शेकडो लहान-मोठ्या कलावंतांना ठरावीक मानधन आणि ठरावीक वेळ दिला. जुलै १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलनं भरू लागली. ज्या माणसाने कधी तिकीट काढून मैफल ऐकली नसती त्याच्या ओसरीवर शनिवारी रात्री मोठमोठे गवई गाऊन जाऊ लागले.

आणि चित्रपटगीतं काढल्यावर रिकामी झालेली जागा भरायची कशाने? त्यासाठी केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताला बळ देण्यात आलं. कवीकडून गीत घ्यायचं, संगीतकाराकडून चाल, गायकाकडून ध्वनिमुद्रण, सगळं आकाशवाणीच्या खर्चाने. मराठी भावगीत आधीपासून होतंच, गजाननराव वाटव्यांनी ते घराघरात नेलं होतं. पण त्याला महिन्यामागून महिने पोसणारा यजमान मिळाला तो हा.

या सगळ्याचं शिखर म्हणजे 'गीतरामायण'. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं, म्हणजे तेव्हा ते पुरतं दोन वर्षांचंही नव्हतं. तिथले अधिकारी सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांना वर्षभर चालणारं काहीतरी लिहायला सांगितलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, या दिवशी पहिलं गीत प्रसारित झालं आणि पुढे दर आठवड्याला एक नवं. संगीत सुधीर फडक्यांचं. वर्षाची बावन्न व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि संख्या छप्पन झाली. निरनिराळ्या पात्रांना निरनिराळे गळे: माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक, एका गीताला लता मंगेशकर, आणि आपल्या मूर्तिजापुरात जन्मलेले वसंतराव देशपांडेही. (यवतमाळहून मूर्तिजापूरला आमची 'शकुंतला' जायची, म्हणून "आपल्या" म्हणायचा हक्क घेतो.) वर्तमानपत्रं गीतं छापायची. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकणारी घरं होती, असं त्या काळच्या आठवणींत वाचायला मिळतं. १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने त्याचं पुस्तक काढलं.

आता सन जुळवून बघा. चित्रपटगीतांवरची ती बंदी १९५२ ते १९५७. गीतरामायण १९५५-५६. दोन्ही एकाच मंत्र्याच्या काळात, एकाच संस्थेत. ज्या हाताने गाणं बंद केलं त्याच हाताने गाणं लिहूनही घेतलं. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आणि ती दोन्ही बाजूंना गैरसोयीची आहे. रेडिओवर प्रेम करणाऱ्याला तो बंद करणारा हात विसरायचा असतो, आणि मोकळीक हवी असणाऱ्याला तो लिहून घेणारा हात दिसत नाही.

दर आठवड्याला एक, हेही महत्त्वाचं. पुढचं गीत ऐकायचं तर सात दिवस थांबा. कवीवर दडपण, संगीतकारावर दडपण, आणि श्रोत्यांना मध्ये सात दिवस बोलायला विषय. छप्पनच्या छप्पन गीतं एका दिवशी हाती आली असती तर इतकी चर्चा झाली असती का? मला नाही वाटत. एका वेळी एकच गाणं आणि ते सगळ्यांना एकदम, हा रेडिओचा नाइलाज होता. त्या नाइलाजातून एक गाव तयार व्हायचं, जे नकाशावर नव्हतं.

पण थांबा, त्या गावाला वेसही होती, आणि वेशीबाहेर बरेच लोक होते. स्वरचाचणीच्या खोलीपर्यंत पोचायलाच माहिती लागते, प्रवासखर्च लागतो, "शुद्ध" उच्चार लागतात. शेतमजूर बाईच्या गळ्याला ते दार सहज उघडत नसे. विदर्भातलं सगळ्यात मोठं उदाहरण भीमगीतांचं. हा एवढा मोठा प्रवाह वाढला तो मुख्यतः जलसे, सभा, गायन पार्ट्या यांच्या जोरावर. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि मग दीक्षाभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, कॅसेटची दुकानं ओळीने लागू लागली. तिथून पिशवीभर गाणी गावोगाव गेली. त्यांना ना स्वरचाचणी लागली, ना श्रेणी. रेडिओची मक्तेदारी इंटरनेटने मोडली असं म्हणतात, पण माझ्या पाहण्यात ती आधी कॅसेटनेच मोडली होती.

आणि इंटरनेटने ते दार चौकटीसकट काढून टाकलं, हे मान्य करायला हवं. आमच्या जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा भागात बंजारा वस्ती मोठी. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, वणी भागात कोलाम आणि गोंड. गोरमाटीत, गोंडीत गाणी करून कुणीही पोरगं आज फोनवरून जगासमोर ठेवू शकतं, आणि ठेवतंही. कुठल्या साहेबाची सही नको. माझ्या लेखी ही लहान गोष्ट नाही. वऱ्हाडी बोलीला ज्या काळात वर्गात हसत, तो काळ मी पाहिला आहे.

सोयीचं तर विचारूच नका. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट एकदम स्वस्त झालं, आणि गाण्याचे ॲप गावातही पोचले. गाना आणि सावन त्याआधीपासून होते; स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. जे गाणं पुन्हा लागावं म्हणून आम्ही पोस्टकार्ड टाकून महिनाभर कान लावून बसायचो ते आता दोन क्षणांत लागतं. माझ्या बहिणीला दिसायचं कमी झालंय. ती नुसतं नाव सांगते आणि माणिकबाईंचं गाणं सुरू होतं. याला मी नावं ठेवणार नाही.

पण आपले तीन प्रश्न इथेही विचारू.

निवड कुणाची? वरवर बघता आपली. प्रत्यक्षात आपण पहिलं गाणं निवडतो आणि पुढचं यंत्र निवडतं. आपण आजवर काय ऐकलं, आपल्यासारख्या इतरांनी काय ऐकलं, याचा हिशेब करून ते पुढचं गाणं काढतं. केसकर "तुम्हाला जे चांगलं तेच ऐका" म्हणत होते. यंत्र म्हणतं, "तुम्हाला जे आवडलं तेच आणखी ऐका." पहिल्यात हुकूम होता, म्हणून राग आला आणि लोकांनी काटा फिरवला. दुसऱ्यात लाड आहेत. लाडाचा राग येत नाही, म्हणून काटा फिरवायचंही सुचत नाही. आमची वेचणीच्या दिवसांतली वावरं बघा. पूर्वी धुऱ्यावरच्या बाभळीला एक ट्रान्झिस्टर टांगलेला असे आणि सगळ्या बायका तेच ऐकत पऱ्हाटी वेचायच्या. आवडीचं लागलं की एकदम गलका. आता प्रत्येकीच्या कमरेला फोन, प्रत्येकीचं गाणं वेगळं. कुणी वाईट झालं नाही. पण तो गलका गेला.

पैसे कुणाचे? जाहिरातदाराचे किंवा महिन्याची वर्गणी भरणाऱ्याचे. कलावंताला काय मिळतं? आकाशवाणीवर श्रेणी लागलेल्या कलावंताला कार्यक्रमाचं मानधन मिळायचं. गाणं दहा जणांनी ऐकलं की दहा लाखांनी, मानधन तेवढंच. इंटरनेटवर ऐकण्याच्या संख्येवर हिशेब होतो. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला की मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा वाटा मिळणार नाही. मोठ्या शहरातल्या गायकाला हजार म्हणजे काहीच नाही. पण एखादं कोलामी गाणं सहाशे वेळा ऐकलं गेलं तर? कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक, बोलणारेच थोडे. त्यांच्यासाठी सहाशे म्हणजे मोठा श्रोतृवर्ग. हिशेबात मात्र तो शून्य.

आणि तिसरा प्रश्न, तयार कोण करवून घेतं? मला अडचण वाटते ती इथे. कंपन्या नवी गाणी करवून घेतच नाहीत असं नाही. पण ती करवून घेताना खप बघतात, आणि तो त्यांचा धर्मच आहे. "एका वर्षासाठी दर आठवड्याला एक नवं मराठी गीत लिहा, चांगला कवी, चांगला संगीतकार, खपाची चिंता आमच्यावर" असं म्हणणारा कुणी समोर दिसत नाही. गाण्यांचं कोठार अफाट झालं, पण कोठारात धान्य आपोआप येत नाही, ते कुणीतरी पेरावं लागतं. आज आपण फोनवर जी जुनी मराठी गाणी ऐकतो त्यांतली कितीतरी मुळात आकाशवाणीसाठीच बांधलेली. म्हणजे नवं यंत्र जुन्या यंत्राने पेरलेलंच खातंय.

कोठाराच्या किल्ल्याही दुसऱ्याच्या हाती आहेत, हे लक्षात असू द्या. एअरटेलची विंक ही गाण्यांची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये बंद झाली. दहा वर्षं. आमच्या शेजारच्या काकूंची भजनांची वही साठ वर्षं टिकली आहे.

थोडं यंत्राचंही सांगतो, कारण फरक मुळात तिथे आहे. रेडिओ केंद्र आवाज एकदाच हवेत सोडतं. ऐकणारा एक असो की एक कोटी, केंद्राचा खर्च तोच. इंटरनेटवर प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी वेगळी धार सोडावी लागते. साधारण बऱ्या दर्जाचं गाणं सेकंदाला १२८ किलोबिट मागतं, म्हणजे तासाला सुमारे ५८ मेगाबाइट, दर माणशी. त्यात टॉवर हवा, टॉवरला वीज हवी, फोनला चार्जिंग हवं. आमच्या विदर्भात भारनियमनाच्या काळात रात्र रात्र अंधार असे, तेव्हा दोन सेलवर ट्रान्झिस्टर चालू राहायचा. हे मागासलेपणाचं लक्षण नव्हे. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये सगळी वीज गेली, फोन मुके झाले, तेव्हा तिथले लोक सेलवरचे रेडिओ शोधत फिरत होते.

नागपूरजवळ १००० किलोवॉटचं मध्यम लहरींचं प्रक्षेपण होतं, १५६६ किलोहर्ट्झवर. १८ मे १९८८ ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी तिथून सुरू झाली. रात्री मध्यम लहरी आकाशातल्या थरावरून परावर्तित होऊन लांब जातात आणि नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून ही जागा निवडली. रात्रपाळीचा चौकीदार, मालमोटारीचा ड्रायव्हर, ओलिताला जाणारा शेतकरी, सगळ्यांना सोबत होती ती. २०१९ च्या सुरुवातीला ही वाहिनी बंद करण्यात आली. कारण खर्चाचं आणि बदलत्या तंत्राचं. कारणं खोटी नसतीलही. पण देशाच्या मध्यावरचा तो आवाज थांबल्यावर फारसा कुणी हळहळला नाही, हे मला जास्त लागलं.

मग काय करावं? रेडिओ की इंटरनेट, असं भांडण लावण्यात अर्थ नाही. आकाशवाणीने ते भांडण स्वतःच मिटवलंय. २६ जानेवारी २०१६ पासून शास्त्रीय संगीताची 'रागम्' ही तिची वाहिनी इंटरनेटवर चोवीस तास चालू झाली, आणि तिच्या ॲपवर देशभरातली दोनशेहून अधिक केंद्रं ऐकता येतात. आमची पुतणी परदेशात सकाळी भाजी चिरताना नागपूर केंद्र लावते. तेव्हा वाट कुठली हा प्रश्न उरला नाही. प्रश्न आहे तो केंद्राच्या आतल्या माणसांचा. ध्वनिमुद्रणाची खोली चालू आहे का? निवेदकाच्या जागा भरल्या जातात का? नव्या कवीला, नव्या गायिकेला बोलावणं जातं का? आमचं यवतमाळ केंद्र एफ.एम.वर आहे. त्यावरून मुंबई-दिल्लीचं सहक्षेपणच होत राहिलं, तर ते काम एखादा फोनही करील. पण झरी-जामणीची दंडार, दारव्ह्याच्या तांड्यावरची लेंगी, आपल्या बायांची भुलाबाईची गाणी हे सगळं कोण मुद्रित करणार? खप बघणारा करणार नाही. ते करवून घेणारा हात सार्वजनिकच असावा लागतो, आणि तो बंद करणारा हात होऊ नये यावर लक्ष आपण ठेवायचं. आपल्या आधीच्या पिढीने ठेवलं होतं की!

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. माझ्या नात्यागोत्यातल्या वाचकांना एक गृहपाठ देतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. आपल्या घरात, आजोळी, सासरी जिला ती गाणी येतात अशी बाई सत्तरीच्या पुढची असणार. तिच्यासमोर फोन ठेवा आणि गाऊन घ्या. गाणं तिने कुठल्या गावी, कुणाकडून शिकलं ते तिच्याच तोंडून वदवून घ्या. साल आणि गाव लिहून ठेवा, नाहीतर पन्नास वर्षांनी कुणालाच काही कळणार नाही. घाई करू नका, एका दिवशी दहा गाणी नकोत. एका वेळी एकच. आणि शक्य असेल तर घरातल्या पोरीबाळींना भोवती बसवून.

माझ्याकडे थोरल्या वहिनींच्या आवाजात आतापर्यंत अकरा झाली आहेत. बाकीच्यांनी आपापली संख्या कळवावी. तपासली जाईल.